किमो चालू असलेल्या पोराला ताप आला की सकाळची वाट बघू नका

माझ्या पोराला ब्लड कॅन्सर, गाव खानापूरच्या पलीकडं, पावसात रात्री बेळगावला जायला गाडी मिळायची मारामार. पहिल्यांदा ताप आला तेव्हा खोकला नाही, कफ नाही म्हणून तापाची गोळी दिली आणि सकाळपर्यंत थांबलो. सकाळी ऑक्सिजन 88, तिथनं सरळ आयसीयू. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितेय.

किमोनं पांढऱ्या पेशी खाली जातात, एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा काउंट) 500 च्या खाली गेला की कफ व्हायला लागणाऱ्या पेशीच फार कमी असतात, त्यामुळं छातीत इन्फेक्शन असून बऱ्याचदा खोकला येत नाही आणि सुरुवातीला एक्स-रे पण कधी कधी साफ दिसतो. बऱ्याचदा ताप हीच पहिली खूण. काखेत किंवा तोंडात थर्मामीटर लावा, शौचाच्या जागी अजिबात नको. एकदा 101 दिसला किंवा 100.4 तासभर राहिला की वॉर्डला फोन करून निघायचं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची गोळी नको कारण ताप झाकला जातो. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात शिरेतनं अँटीबायोटिक सुरू व्हायला पाहिजे, म्हणून ओपीडीच्या लायनीत बसू नका, कॅज्युअल्टीच्या दारातच "किमो चालू हाय, काउंट कमी हायत" म्हणून सांगा. मी फाईलच्या पहिल्या पानावर हेच कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय, लई उपयोग होतो.

पोरगं झोपलेलं असताना पोटाकडं बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या पोराला 40 किंवा जास्त म्हणजे धाप हाय. ताप नसला तरी निघा.

आता सेप्ट्रान. आठवड्यातनं दोन-तीन दिवस देतात ती गोळी न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीसाठी असते, धडधाकट माणसाला ती काही करत नाही पण या पोरांची फुफ्फुसं भरून टाकते. कोरडा खोकला, धाप, ऑक्सिजन खाली, आणि डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला तर बऱ्याचदा काही ऐकू पण येत नाही. पोरगं खेळतंय, आता कशाला गोळी, असं घरात कुणीतरी म्हणतंच, ऐकू नका. किमो संपल्यावर पण डॉक्टर सांगतील तवाच बंद करायची. आम्ही शनिवार-रविवार ठरवून घेतलाय.

दुसरी बुरशी अ‍ॅस्परजिलस, ती आपल्या आजूबाजूलाच हाय. भिजलेली वैरण, कडब्याची गंजी, गोठा, मळणीची धूळ, पावसानं ओल धरलेली भिंत, जुनं घर पाडायचं काम, यातनं पोराला लांब ठेवा, साध्या मास्कनं भागत नाही. अँटीबायोटिक चार-पाच दिवस होऊन ताप उतरत नसंल, छातीत दुखत असंल, खोकल्यातनं रक्त येत असंल तर सीटी स्कॅनचं विचारा.

घरात कुणाला दोन आठवड्यांवर खोकला असंल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, टीबीची तपासणी फुकट होते. कांजिण्या किंवा गोवर झालेल्या पोराजवळ आपलं पोरगं बसलं असंल तर पुरळ यायची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, त्यावरचं औषध लवकर दिलं तरच उपयोगाचं. भेटायला येणाऱ्यांना दारातनंच परत पाठवताना जीवावर येतं, सासूबाईंचा सौंदत्तीच्या यल्लम्माचा नवस पण आम्ही पुढं ढकललाय, ती गर्दी आणि भंडारा काउंट वर आल्यावर.

आणि रात्री कधीही उठून येईल अशा गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा, फाईल आणि दोन जोड कपडे पिशवीत भरूनच ठेवा.