एबीएसचा दिवा रात्रीच पेटायचा: दोष अर्थिंगचा निघाला

गाडीचे हेडलाईट आणि ब्लोअर लावले की पाचेक मिनिटांत एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवा पेटायचा. दिवसा काही नाही. स्कॅनरवर कोड: मॉड्यूलला (एबीएस चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) व्होल्टेज कमी.

आधी बॅटरी बदलली, मग चाकाचा सेन्सर. दोन्ही पैसे पाण्यात. अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देत होता. इंजिन बंद ठेवून, मॉड्यूलचा कनेक्टर काढून मोजलं तर तिथेही बॅटरीचे पूर्ण १२.५. इथेच फसलो. करंट वाहत नसताना गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

शेवटी कनेक्टर जागेवर ठेवून, इंजिन, हेडलाईट, ब्लोअर चालू करून मल्टीमीटर डीसी व्होल्टवर लावला. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब कनेक्टरच्या मागून अर्थच्या (करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरीच्या) पिनला. आकडा १.३ व्होल्ट! ०.२ च्या आत हवा. मग लाल प्रोब वायरीवरून पुढे सरकवत गेलो. बॅटरी ट्रेखालच्या बोल्टच्या लगवर (वायरीच्या टोकाची धातूची कडी) १.३, शेजारच्या उघड्या पत्र्यावर जवळपास शून्य. हेडलाईटचं अर्थिंगही त्याच बोल्टवर होतं.

इंजिन बंद केलं, बॅटरीचा निगेटिव्ह काढला, बोल्ट खोलला. लगखाली हिरवट पूड. लग आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासले, बोल्ट घट्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं: ०.०४. कोड पुसला, दिवा परत पेटलेला नाही.