अभ्यासिकेच्या वाय-फायवर आपली ओळख कशी झाकावी

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी भाषांतराचं काम घेऊन बसते. एप्रिलमध्ये तिथलं नेट बंद पडलं आणि "ताई, तुम्हाला यातलं कळतं, जरा बघता का?" म्हणत मालकांनी राउटरचं पान उघडून दिलं. पानावर यादी होती: कोणतं यंत्र, कधी जोडलं, कधी गेलं. माझ्या लॅपटॉपला माझंच नाव होतं आणि त्यापुढे पाच महिन्यांच्या नोंदी. शेजारी बसणाऱ्या मुलींच्याही नावानिशी. मालक सज्जन आहेत, पण त्या पानाचा पासवर्ड काउंटरवरच्या वहीत लिहिलेला होता. एखादी मुलगी रात्री किती वाजता निघते हे वही उघडणाऱ्या कुणालाही कळावं, याने माझा जीव घाबरा झाला.

राउटर यंत्र ओळखतो ते मॅक ॲड्रेसवरून. वाय-फाय कार्डाला कारखान्यातच मिळालेला हा बारा अंक-अक्षरांचा पत्ता. यातले पहिले सहा सहसा कार्ड बनवणाऱ्या कंपनीचे, आयईईई या संस्थेने वाटून दिलेले. पत्ता राउटरपर्यंतच जातो, वेबसाइटला तो दिसत नाही. म्हणून तो बदलून गूगलपासून लपता येईल असं समजू नका. लपायचं आहे ते यादीपासून.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय उघडा. तिथे 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' नावाचं बटण असतं. मी ते चालू केलं आणि आठवडाभर निर्धास्त होते. ती माझी चूक होती. या बटणाने प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा खोटा पत्ता तयार होतो, पण त्या वाय-फायपुरता तो कायम राहतो. म्हणजे मी अभ्यासिकेत रोज जाते ती रोज त्याच खोट्या पत्त्याने. कॅफे आणि अभ्यासिका यांच्या नोंदी पत्त्यावरून एकमेकींशी जुळणार नाहीत हा फायदा खरा, पण माझं रोजचं येणं-जाणं पूर्वीसारखंच उघडं. त्यासाठी 'मॅनेज नोन नेटवर्क्स'मध्ये जाऊन अभ्यासिकेचं वाय-फाय निवडायचं आणि तिथे 'चेंज डेली' लावायचं. मग पत्ता दररोज बदलतो.

'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस'चं बटण वाय-फाय जोडण्याआधीच चालू करा; 'चेंज डेली' मात्र एकदा जोडल्यावरच लावता येतं. आधी जोडलात तर खरा पत्ता नोंदला गेलाच.

पत्त्याइतकंच महत्त्वाचं आहे लॅपटॉपचं नाव. जोडताना तेही राउटरला कळतं, आणि नाव तेच राहिलं तर पत्ता रोज बदलूनही ओळख पटते. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे 'रीनेम' करा. विंडोजने स्वतः दिलेलं आकडे-अक्षरांचं नावही नको, कारण तसं नाव दुसऱ्या कुणाचं नसतं. मी नुसतं 'लॅपटॉप' ठेवलं आहे.

फोनचं थोडक्यात: अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून बऱ्याच फोनमध्ये खोटा पत्ता आपोआप वापरला जातो, पण तोही बहुधा त्या-त्या वाय-फायपुरता ठरलेला. आयओएस १८ मध्ये 'रोटेटिंग' निवडता येतं. जुना फोन घेऊन रस्त्याने जाताना वाय-फाय बंदच ठेवा, कारण तो न जोडताही आपला पत्ता हवेत सांगत फिरतो. लंडनच्या सिटी भागात २०१३ मध्ये रस्त्यावरच्या कचरापेट्यांत बसवलेली यंत्रं जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फोन असेच टिपत होती. बातमी फुटल्यावर प्रशासनाने ते थांबवायला लावलं. एक मात्र करू नका: फोनचा आयएमईआय क्रमांक (मोबाइल नेटवर्कवर फोनची ओळख पटवणारा) ही वेगळी गोष्ट आहे, तो बदलणं भारतात गुन्हा आहे.

रेल्वे स्टेशनच्या वाय-फायवर मोबाइल नंबर टाकून ओटीपी दिला की आपण कोण ते आपणच सांगितलेलं असतं, तिथे पत्ता बदलून ओळख झाकली जात नाही. घरी हे बंद ठेवा, नाहीतर राउटरमध्ये मुलांसाठी लावलेल्या वेळा बिघडतील. ऑफिसात किंवा कॉलेजात यंत्राची नोंद करून घेतलेली असेल, तर आधी तिथल्या माणसाला विचारा. कॅफेत फुकटचा तास संपल्यावर पत्ता बदलून दुसरा तास घेणं मला मान्य नाही.

माझ्या शेजारी बसून एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर ते बटणच नव्हतं. तिचं कार्ड ते करू शकत नाही. मग आम्ही डिव्हाइस मॅनेजर उघडलं, नेटवर्क ॲडॅप्टर्समधलं वाय-फाय कार्ड, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड. तिथे 'नेटवर्क ॲड्रेस' अशी ओळ सापडली (सगळ्याच कार्डांत ती नसते). बारा जागा सलग भरायच्या, मध्ये रेघा किंवा टिंबं नाहीत. शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढंच चालतं. दुसऱ्या जागी २, ६, ए किंवा ई यांपैकीच एक हवं. त्यावरून हा पत्ता कारखान्याचा नसून आपण दिलेला आहे असं ठरतं, आणि दुसरं काही टाकलं तर पुष्कळ वाय-फाय कार्डं ते मनावरच घेत नाहीत. तिने ०२ ने सुरुवात केली, उरलेले दहा मनाला येतील तसे. वाय-फाय बंद करून चालू केलं, हार्डवेअर प्रॉपर्टीजमध्ये नवा पत्ता दिसला. हा मात्र आपोआप बदलत नाही, म्हणून ती दर सोमवारी नवा टाकते. खरा पत्ता परत हवा झाला तर त्याच ओळीत 'नॉट प्रेझेंट' निवडायचं.