मिसिंगचा कोड आला म्हणून कॉइल घ्यायला पळू नका: या चुका टाळा

गाडी स्लोला, म्हणजे उभ्या उभ्या चालू असताना, थरथरते, मीटरमध्ये पिवळा दिवा लागतो, आणि मालक ब्लूटूथचा स्कॅनर लावून मोबाइलवर कोड वाचतो. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या नंबरचा सिलिंडर मिस मारतोय, त्यातलं इंधन नीट पेटत नाही. पी०३०० म्हणजे मिसिंग एका ठिकाणी नाही, इकडे तिकडे फिरतंय. इथवर ठीक. पण त्याच रात्री ऑनलाइन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारा पार्ट, मागवली जाते आणि माझं डोकं फिरतं. अहो, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कॉइल दिसत नाही. एका सिलिंडरच्या पाळीला क्रँक (इंजिनाचा फिरणारा दांडा) किंचित मंदावला, एवढंच त्याला सेन्सरवरून कळतं. ठिणगी कमी पडली, पेट्रोल कमी पडलं की कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), हे शोधायचं काम आपलं.

सगळ्यात जास्त चिडचिड होते ती कोड आधीच पुसून आलेल्या गाडीवर. कोड पडतो त्या क्षणाची नोंदही ईसीयू ठेवतो: आरपीएम किती, इंजिन किती गरम, लोड किती. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मिस मारणारी गाडी आणि सिग्नलला उभी राहिली की मिस मारणारी गाडी, हे दोन वेगळे आजार आहेत. चढावर लोड येतो तेव्हा अशक्त ठिणगी उघडी पडते, म्हणून तिथे माझा हात आधी प्लग आणि कॉइलकडे जातो. स्लोला मिस असेल तर मी हवेची गळती आणि व्हॉल्व्ह बघतो. ही नोंद कोड पुसला की गेली. बॅटरीचं टर्मिनल काढून ‘रिसेट’ मारलं तरी गेली. आधी स्क्रीनचा फोटो काढा, मग काय पुसायचं ते पुसा.

मागच्या वर्षी २०११ ची एक हॅचबॅक आली. सीएनजी किट, पंचाण्णव हजार किलोमीटर. मालक आयटीतला तरुण.

“काका, पी०३०३ आहे. चारही कॉइल बदलल्या, प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले. ईसीयू गेला असणार.”

“मिस कधी मारते?”

“सिग्नलला. गरम झाल्यावर. पळताना मस्त.”

खर्च अकरा हजार, आणि कोड वीसेक वेळा पुसलेला. मी तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर टाकली, दुसऱ्याची तिसऱ्यावर, आणि गाडी पुन्हा गरम करून स्लोला ठेवली. कॉइल खराब असती तर कोड पी०३०२ झाला असता. तो तिसऱ्यावरच राहिला. फुकटातली ही तपासणी, दहा मिनिटांची. ती त्याने पहिल्याच दिवशी केली असती तर कॉइलचे पैसे वाचले असते. (अदलाबदल करताना एका वेळी एकच वस्तू हलवा. कॉइल, प्लग आणि इंजेक्टर एकदम हलवणारेही येतात. मग कोड सरकला तरी कशामुळे सरकला ते देवालाच ठाऊक.)

मग कम्प्रेशन गेज लावला. पेट्रोल आणि कॉइलची कनेक्शनं काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. तीन सिलिंडर १६५ ते १७० पीएसआय, तिसरा १२०. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत घेतलं, आकडा जवळपास तिथेच. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने फट बुजून तो चढला असता. म्हणजे व्हॉल्व्ह.

“दोन तासांत होईल ना काका?”

नाही होणार. या इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट थंड इंजिनावर सेट करायचे असतात. गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी टॅपेट कव्हर काढलं, तर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट टॅपेटखाली फट मोजायच्या फिलर गेजची सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा जाईना. सीएनजी कोरडं इंधन. त्यावर वर्षानुवर्षं चालवली की व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट बुजत जाते. इंजिन गरम झालं की व्हॉल्व्ह आणखी लांबतो, पूर्ण बसत नाही, कम्प्रेशन निसटतं. पळताना निसटायला वेळच मिळत नाही, म्हणून तेव्हा कळत नाही. सेटिंग केलं, कव्हरचं पॅकिंग नवं टाकलं, तिसरा १६० वर आला. गाडी घेतल्यापासून टॅपेट कुणी तपासलेच नव्हते. थोडं आणखी चालवली असती तर व्हॉल्व्ह जळून हेड उतरवावं लागलं असतं.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. दिवा लुकलुकत असेल तर ‘घरापर्यंत नेतो’ म्हणू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. जुन्या मिस्त्रींसारखी चालू इंजिनावर प्लगची केबल उपटून कुठला सिलिंडर मेलाय ते बघू नका. शॉक बसतो तो वेगळाच. मी इंजेक्टरचं कनेक्शन काढतो, म्हणजे पेट्रोलही थांबतं.

पहिला सिलिंडर कुठल्या टोकाचा ते मॅन्युअलमध्ये बघा. उलटीकडून मोजून चौथ्याची कॉइल बदललेली गाडी मी पाहिली आहे. काही जुन्या गाड्यांत दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असते, १-४ आणि २-३. तिथे १ आणि ४ चे कोड जोडीने आले, तर मात्र कॉइलवर संशय घ्या.

स्लोला मिस, रेस दिली की साफ, आणि सोबत पी०१७१ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असेल तर इनटेकचे रबरी पाइप वाकवून बघा. चिरा बाहेरून दिसत नाहीत. गळती शोधायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारणारे व्हिडिओ बघून हात भाजून घेऊ नका, तो भडकतो.

हल्ली सगळं खापर इथेनॉलच्या पेट्रोलवर फोडतात. असेलही एखाद्या वेळी, पण सहा वर्षं न काढलेले प्लग आधी काढा, थंड इंजिनावर, आणि परत बसवताना पहिले आटे हातानेच फिरवा. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले की रडायची वेळ येते.

आणि कोड यायच्या आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरला इंजिन धुतलं असेल, तर ते फोनवरच सांगा. मी येताना कुठलाही पार्ट आणत नाही, हवेचा पाइप लावून प्लगच्या खोबणीतलं पाणी उडवतो.