पाणी दारात येण्याआधी: तुंबणाऱ्या शहरातली तयारीची यादी

पहिल्या कामाला पैसे लागत नाहीत, फक्त पाय लागतात. आकाश कोरडं असताना घराभोवती अर्धा-एक किलोमीटर फिरून या आणि इथे पडलेलं पाणी कुठल्या बाजूला जातं, एवढंच बघा. रस्ता कुठे खोलगट होतो, कुंपणाच्या भिंतींवर पाण्याच्या जुन्या रेषा कितीपर्यंत आहेत, कुठे पूल आहे पण त्याखालून काही वाहताना दिसत नाही, हे सगळं नजरेखालून घाला. वस्तीच्या नावात तळं, ओढा किंवा खाडी असेल तर ते नाव खरं माना. जुन्या रहिवाशांना विचारा. ओढा बुजवला, वळवला किंवा पाइपात घातला, तरी जमिनीचा उतार जिथल्या तिथेच असतो आणि मोठ्या पावसात पाणी त्याच उताराने परत येतं. यादीतलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण ही फेरी चुकवू नका. पुढचं सगळं तिच्यावरच ठरतं.

मग थोडा हिशेब करा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पडला तर दहा लाख लिटर. मोकळी माती आणि झाडं असतील तिथे त्यातला साधारण दहावा हिस्साच वाहून जातो. बाकीचं पाणी मुरतं किंवा वाफ होऊन जातं. तीच जमीन जवळजवळ सगळी सिमेंट-डांबराखाली गेली की निम्म्याहून जास्त पाणी वाहत सुटतं आणि तेही काही मिनिटांत, सगळं एकदम. शहरं तुंबतात ती बहुतेकदा या एकदम येण्यामुळे. म्हणून हवामानाच्या अंदाजात दिवसभराच्या आकड्यापेक्षा तासाचा आकडा शोधायची सवय लावा. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने बांधलेली होती आणि तेही समुद्राला ओहोटी असताना. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. चीनमधल्या चंचौ शहरात २० जुलै २०२१ रोजी एकाच तासात २०१.९ मिलिमीटर कोसळला. नाले आरशासारखे स्वच्छ असते तरी एवढं पाणी त्यांत मावलं नसतं. नालेसफाई हवीच, पण नाले साफ झाले म्हणून आपण निर्धास्त झालो, असं धरून चालू नका.

आपल्या शहरातल्या गटारांची तासाची क्षमता महापालिकेकडे विचारा आणि ती घरात सगळ्यांना दिसेल अशी लिहून ठेवा. शहर समुद्राकाठी असेल तर शेजारी भरतीचं वेळापत्रक लावा. भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात किंवा दारं बंद करावी लागतात, मग शहरातलं पाणी शहरातच थांबतं. शहर नदीकाठी असेल तर वरच्या धरणातून विसर्ग कधी सुटतो, याची सूचना कुठे मिळते ते आधीच शोधा. भूजलाचा उपसा फार असलेल्या शहरात आणखी एक गोष्ट होते, जमीनच खचते. इंडोनेशियातल्या जाकार्ताच्या उत्तरेकडचे काही भाग असे समुद्रसपाटीखाली गेले आहेत. अशा ठिकाणी वीस वर्षांपूर्वीचा ‘इथे कधी पाणी येत नाही’ हा अनुभव आज कामाचा नाही.

आता घराकडे वळू. तळमजल्यावर पाणी दारातून यायच्या आधी पुष्कळदा मोरीतून आणि संडासातून उलटं येतं, कारण भरलेल्या गटाराचा दाब त्याला मागे ढकलतो. प्लंबरकडून बाहेर जाणाऱ्या पाइपला उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. ते जमलं नाही तर जाळीवर ठेवायला वाळूच्या पिशव्या भरून ठेवा. विजेचा मीटर, इन्व्हर्टरची बॅटरी आणि पाण्याचा पंप जुन्या रेषेच्या वर चढवा. जमिनीखालच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का, ते तपासा. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद कोण करणार आणि मेन स्विच कोण पाडणार, हे सोसायटीत नावानिशी ठरवा. मेन स्विच पाणी यायच्या आधी पाडायचा. पाण्यात उभं राहून त्याला हात लावायचा नाही.

तळघराबद्दल मी सगळ्यात जास्त आग्रह धरेन, कारण तिथे माणसं जातात. बाहेर अर्धा मीटर पाणी साचलं की एक मीटर रुंदीच्या दारावर सव्वाशे किलोच्या आसपास भार येतो. बाहेर उघडणारं दार आतून ढकलून उघडणं मग जवळपास अशक्य होतं. दक्षिण कोरियातल्या सोल शहरात ऑगस्ट २०२२ मध्ये अर्ध्या तळघरातल्या घरांत माणसं अशीच अडकून दगावली. तेव्हा जोराच्या पावसात गाडी वाचवायला खालच्या पार्किंगमध्ये उतरायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाकडून आधीच कबूल करून घ्या. इशारा मिळताच, पाणी नसतानाच, गाडी उंचावर लावा. तळघरात कुणी झोपत असेल तर त्या रात्री त्यांची झोपायची सोय वर करा.

पिशवी भरायला वेळ लागत नाही. कागदपत्रं जलरोधक पाकिटात, आठवड्याची औषधं, टॉर्च, भरलेली पॉवर बँक, कागदावर लिहिलेले फोन नंबर, माणशी दिवसाला तीन-चार लिटर पिण्याचं पाणी आणि न शिजवता खाता येईल असं काहीतरी. ज्यांना चालता येत नाही त्यांना कुणी आणि कुठे न्यायचं, हे मात्र सावकाश बसून ठरवा.

पाऊस सुरू असताना बाहेर असाल तर घरी पोचायची घाई सोडा, उंच जागी थांबा. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी मोठ्या माणसाचा तोल जातो, ३० सेंटिमीटरमध्ये लहान गाडी सरकू लागते आणि ६० मध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. भुयारी रस्त्यात पाणी दिसलं तर मागे फिरा. बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नका, इंजिनात पाणी ओढलं जातं. आणि पाणी लवकर ओसरावं म्हणून मॅनहोलचं झाकण कुणी काढू नये, दुसऱ्याला काढू देऊ नये. गढूळ पाण्याखाली ते उघडं भोक दिसत नाही. त्या भोकात जाणारं माणूस आपल्याच गल्लीतलं असतं.

ओसरल्यावर इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय वीज सुरू करू नका. टाकी उपसून, धुऊन, क्लोरीन टाकून घ्या, तोवर पाणी उकळून प्या. साचलेल्या पाण्यातून चालला असाल आणि पायाला जखम असेल तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर ‘पाण्यातून चाललो होतो’ हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदीर-जनावरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप, लवकर ओळखला तर औषधाने बरा होतो. विम्यासाठी साफसफाईच्या आधी फोटो काढा. आणि भिंत धुण्यापूर्वी पाण्याने सोडलेल्या रेषेची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून तारखेसकट लिहून ठेवा, कारण पुढच्या वर्षी मीटरचा डबा किती वर न्यायचा हे त्या आकड्यावरून ठरेल.