जुनं हार्वर्ड पुन्हा उडवायचं असेल तर आधी पंखांचे सांधे उघडा

हार्वर्ड (नॉर्थ अमेरिकन टी-6) हे दुसऱ्या महायुद्धातलं प्रशिक्षण विमान. वर्षानुवर्षं उभं राहिलेलं असं विमान हाती आलं की रंगाला आणि कॉकपिटला हात घालायचा मोह होतो, तो आवरा. विमान उडणार की नाही हे पंख जिथे जोडलेत तिथेच ठरतं.

पंखाचा बाहेरचा भाग मधल्या भागाला कडेच्या अँगलपट्ट्यांवर बोल्टांनी जोडलेला असतो. 2005 मध्ये अशा एका विमानाचा पंख उडताना तुटल्यावर एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, वरच्या-खालच्या, आतल्या-बाहेरच्या सगळ्या अँगलची तपासणी सक्तीची केली आणि ती उड्डाणाच्या दर 200 तासांनी पुन्हा करायला लावली. तपासणीआधी रंग रसायनानेच उतरवा. घासलात तर मऊ धातू भेगेवर पसरतो, तोंड बुजतं आणि चमकणारा पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरून ती दाखवणारा द्रव, आत शिरतच नाही. पेनिट्रंट कंपनीने सांगितलेला वेळ मुरू द्या, पुसा, डेव्हलपर (भेगेतला पेनिट्रंट बाहेर ओढणारी पांढरी भुकटी) मारा, मग अंधारात अतिनील दिव्याखाली पाहा. भेग निघाली की अँगल बदलायचा. भेगेच्या टोकाला भोक पाडून भागवण्याची ही जागा नव्हे.

पत्र्यावरची पांढरी भुकटी म्हणजे अॅल्युमिनियमचा गंज. तो वरवरचा असेल तर अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या सँडपेपरने साफ होतो. स्टील वूल कधीही वापरू नका. त्याचे कण अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच नवा गंज धरतो. पत्र्याचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे सुटत असतील तर रोग आतपर्यंत पोचलाय, तो तुकडा कापून काढावाच लागतो. जुना पिवळा-हिरवा प्रायमर झिंक क्रोमेटचा असतो आणि क्रोमेटच्या धुळीने कर्करोग होऊ शकतो, म्हणून तो कोरडा घासू नका. अंधारात दिसावेत म्हणून किरणोत्सारी रेडियम लावलेले जुने डायलही स्वतः उघडू नका.

पत्रे जोडणारे रिव्हेट (ठोकून बसवलेले खिळे) काढताना डोक्यावरच्या खळग्यात ड्रिलचं टोक ठेवा आणि फक्त डोक्याच्या जाडीइतकंच भोक पाडा. डोकं पंचने उडवा, मागून आधार देऊन दांडा ठोकून काढा. नव्या 1/8 इंची रिव्हेटला 30 नंबरचं ड्रिल लागतं. दांडा पत्र्याबाहेर व्यासाच्या दीडपट, म्हणजे 3/16 इंच उरला पाहिजे. ठोकल्यावर मागचं डोकं 3/16 इंच रुंद आणि 1/16 इंच उंच होतं. जुनं भोक मोठं झालं असेल तर 5/32 चा रिव्हेट घाला, पण भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत व्यासाच्या दुप्पट अंतर उरतं का ते आधी मोजा. तेवढं नसेल तर पत्राच बदला, नाहीतर कड फाटते.

सांगाड्याचा पुढचा भाग स्टीलच्या नळ्यांचा असतो. त्या आतून गंजतात, आणि पाणी साचतं तिथे, म्हणजे सगळ्यात खालच्या टोकांना, आधी गंजतात. ऑटोमॅटिक सेंटर पंचने तिथे टोचून पाहा. नळी दबली तर तो भाग कापून नवा वेल्ड करायचा. रबरी होज, सील आणि टायर मात्र सरसकट नवे घ्या, वरून चांगले दिसत असले तरी.

आता इंजिन. प्रॅट अँड व्हिटनी वास्प, 9 सिलिंडर, 600 अश्वशक्ती. हाताने सहज फिरतं म्हणून ते चांगलं असतंच असं नाही. कॅम आणि बेअरिंगवरचे गंजाचे खड्डे बाहेरून कळत नाहीत, म्हणून उघडून ओव्हरहॉल करूनच बसवा.

पहिल्यांदा सुरू करताना सगळ्यात मोठा धोका खालच्या 5 आणि 6 नंबरच्या सिलिंडरांत साचलेल्या तेलाचा. तेल दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन सिलिंडरच्या बंद टोकाकडे आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. तो लगेच तुटत नाही, पुढे कधीतरी हवेत तुटतो. म्हणून स्विच बंद असल्याची खात्री करा आणि तरीही मॅग्नेटो (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) जिवंत आहे असं समजूनच प्रोपेलरला हात लावा, कारण अर्थिंगची तार तुटली असेल तर स्विचचा उपयोग नसतो. दोन पूर्ण फेरे, म्हणजे दोन पात्यांच्या प्रोपेलरची निदान चार पाती, हळू ओढा. अडलं तर जोर लावू नका आणि उलटं तर मुळीच फिरवू नका. उलट फिरवल्याने तेल इनटेक पाइपात ढकललं जातं आणि इंजिन सुरू होताच परत सिलिंडरात येतं. खालचे स्पार्क प्लग काढून तेल निथळू द्या.

त्याआधी प्री-ऑइलरने बाहेरून दाब देऊन बेअरिंगपर्यंत तेल पोचवलेलं असावं. सुरू झाल्यावर 30 सेकंदांत तेलाचा दाब दिसला नाही तर लगेच बंद करा. पहिल्या चाचणीनंतर तेलाची जाळी काढून पांढऱ्या कापडावर झटका. बारीक काळे कण कार्बनचे असतात, बोटांत चिरडून कळतात. चकाकणारे किंवा पितळी रंगाचे कपचे सापडले तर इंजिन परत स्टँडवर न्या.