सर्व्हिसिंगहून गाडी आली की आधी पेडलची पिन बघा

परवा गाडी पुन्हा सर्व्हिसिंगला टाकायची आहे. मागच्या वेळी माझ्याकडून जे राहिलं ते या वेळी राहू नये आणि माझ्यासारखी हातावर गाडी चालवणाऱ्या तुमच्याकडूनही राहू नये, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढते. माझी गाडी २०११ ची आय-टेन, चार गिअरची ऑटोमॅटिक. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांना कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या आहेत, त्यामुळे गाडी पूर्णपणे हातावर. स्टीअरिंगखाली डाव्या बाजूला दांडी आहे. पुढे ढकलली की ब्रेक, आपल्याकडे ओढली की रेस. दांडीपासून दोन सळ्या खाली पेडलपर्यंत जातात. ब्रेकच्या सळीचं खालचं टोक पेडलला एका पिनेने अडकवलेलं असतं आणि ती पिन निसटू नये म्हणून तिच्या भोकात काटर पिन घालून तिचे दोन्ही पाय फाकवलेले असतात. आगपेटीच्या काडीपेक्षा बारीक आणि काडीच्या निम्मी, एवढीच ती वस्तू. माझी बघायची राहिली ती हीच.

मागच्या सप्टेंबरात आईला कासची फुलं दाखवायला नेलं होतं. आदल्या दिवशी गाडी गॅरेजमधून आलेली, पुढचे ब्रेक पॅड नवे, ब्रेक लाइटचा स्विच नवा. हवा बघितली, पाणी बघितलं, ऑइल बघितलं, कागद बघितले. यवतेश्वरचा घाट चढताना काही कळलं नाही, कारण चढाला ब्रेक लागतोच किती? उतरताना एका वळणाआधी दांडी ढकलली तर खालून टक्‌ असा आवाज आला, दांडी चार बोटं नुसतीच पुढे गेली आणि मग तिरकी होऊन अडकली. ब्रेक लागला तो अर्धामुर्धा. गिअर एलमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या गिअरमध्ये टाकला, मधला हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला गटारीकडेला नेऊन थांबवली. आईने डॅशबोर्डवर टेकलेला हात बराच वेळ उचलला नाही.

मागून येणाऱ्या पिकअपवाल्याने खाली वाकून टॉर्च मारला. स्विच बदलताना फिटरने सळी सोडवली होती आणि परत जोडताना जुनीच काटर पिन सरळ करून घातली होती. तिचा एक पाय मोडून पडला होता, दुसरा सरळच होता. मोठी पिन अर्धी बाहेर लोंबत होती. मग पिकअपवाल्याच्या जोडीदाराने आमची गाडी पायाने चालवत खाली साताऱ्यात आणली आणि समर्थ मंदिरापाशी उतरून मला म्हणाला, “ताई, ब्रेक तर एकदम चांगला आहे की!”

तो खरंच बोलत होता. पायाला ब्रेक चांगलाच होता. गॅरेजमधला फिटरही गाडी पायानेच चालवून बघतो आणि ‘ओके’ म्हणतो, ते ओके पायाचं असतं. हाताच्या दांडीला त्याने एकदाही हात लावलेला नसतो. म्हणून पिन बघा. ब्रेकचं काम असो, कार्पेट धुणं असो, एसीचं काम असो, पेडलच्या आसपास कुणाचा हात गेला की पिन बघा. सळी सोडवली नव्हती असं फिटर शपथेवर सांगत असला तरी बघा.

आपल्याला खाली वाकून बघता येत नाही, हे खरं कारण आहे बघायचं राहण्याचं. मी आता दोन गोष्टी करते. घरी असेन तर भाच्याला दार उघडून पायाच्या जागेत आडवं व्हायला लावते आणि पिनेचा फोटो काढून घेते. एकटी असेन तर मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ सुरू करते आणि हात खाली घालून पेडलच्या वर फिरवते. व्हिडिओत दोन्ही पाय फाकलेले दिसायला हवेत. दिसत नसतील तर पुन्हा काढा, अंदाजाने सोडू नका. काटर पिन एकदा सरळ केली की टाकून द्यायची, ती दुसऱ्यांदा वाकवली की मोडते. आत नायलॉनची कडी असलेल्या नायलॉक नटाचंही तसंच आहे, एकदा काढला की त्याची पकड गेली. बायंडिंगची तार, खिळा, अर्धा मोडलेला तुकडा, असलं काही दिसलं तर गाडी तिथेच उभी करा. हाताने चालवायच्या दांडीच्या काही किटमध्ये पिनेऐवजी पेडलला क्लँप आणि दोन बोल्ट असतात. तिथे बोल्ट आणि तो ढिला होऊ नये म्हणून त्यामागे असलेला चेक नट, दोन्हीला पाना लावून बघा. बोल्टच्या डोक्यावर आणि क्लँपवर मिळून नेलपेंटची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला.

पिन बघून झाली की बाकीची दांडी. इंजिन बंद ठेवून रेस पूर्ण ओढा आणि सोडा. झटकन मागे आली पाहिजे, रेंगाळली तर कुठेतरी घासते आहे. ब्रेक ढकलून सोडला की तोही पूर्ण मागे यायला हवा. तो अर्ध्यावर राहिला तर पॅड घासत राहतात, ब्रेक लाइट रात्रभर पेटून राहतो आणि सकाळी बॅटरी झोपलेली. हे एकटीला बघायचं असेल तर संध्याकाळी गाडी भिंतीजवळ मागे घ्या, भिंतीवरचा लाल उजेड आरशात दिसतो. दांडी सोडल्यावरही लाल राहिला तर सळीची लांबी चुकली आहे. सांध्यांना थोडं ग्रीस, तेही आधी जुनं पुसून. उसाच्या दिवसांत आपल्याकडे रस्त्यावर जी धूळ आणि पाचट असते ती ग्रीसला चिकटून त्याची खरवड होते. पेडलच्या रबरावर किंवा क्लँपवर ग्रीस-ऑइल अजिबात नको. स्टीअरिंगवरची गोल मूठही हलवून बघा, तिचा बोल्ट ढिला होतोच.

पायाखालची जागा रिकामी ठेवा. वरून टाकलेली जाड रबरी मॅट सळीला अडते. पाण्याची बाटली घरंगळत ब्रेकखाली गेली तर पायाने चालवणाऱ्याला लगेच कळतं, आपल्याला दांडी अडेपर्यंत कळत नाही. कॅलिपरचा बूट रेसच्या पेडलवर जाऊ नये म्हणून पेडल गार्ड लावायचा तो रोज लावायचा, फक्त लांबच्या प्रवासाला नाही. गॅरेजमध्ये तो काढून ठेवतात, डिकीत टाकतात आणि परत लावत नाहीत. पिन बघताना त्याच फोटोत गार्डही बघा.

ब्रेकचा सर्व्हो, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेक दाबायला मदत करणारा बूस्टर. याबद्दल गॅरेजवाले फारसे बोलत नाहीत, कारण पायात जोर असतो. आपल्या हातात तेवढा नसतो. इंजिन बंद असताना दांडी चार-पाच वेळा ढकला, ती दगडासारखी कडक होईल. तशीच दाबून धरून इंजिन सुरू करा, दांडी हाताखाली थोडी आत गेली पाहिजे. गेली नाही तर व्हॅक्यूमचा पाइप किंवा बूस्टर गेला. पंधरा वर्षांच्या गाडीत तो रबरी पाइप तडकतोच. यासाठीच उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणं आपल्याला कधीच नको. दोन-तीन दाबांत मदत संपते आणि उरलेला ब्रेक नुसत्या हाताने मारायचा असतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि घाटात तापलं की आत वाफ धरतं.

घाट उतरताना डीमध्ये, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हमध्ये राहू नका. २ किंवा एल आहे तो यासाठीच. इंजिन गाडी धरून ठेवतं आणि डाव्या हाताला दम मिळतो. यवतेश्वर असो, पसरणी असो, आंबेनळी असो, वरूनच खालचा गिअर टाकून निघा.

बॅटरी. ऑटोमॅटिक धक्का मारून सुरू होत नाही. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समधला ऑइल पंप फिरत नाही आणि पंपाचा दाब नसेल तर चाकाची ताकद इंजिनपर्यंत जातच नाही. पोवई नाक्यावर चार माणसं धक्का मारायला धावून येतील, त्यांना नम्रपणे थांबवा. तीन-चार वर्षं झालेली बॅटरी पावसाळ्याआधी तपासून घ्या आणि जंप केबल डिकीत ठेवा. करंट पूर्ण गेला तर गिअरचा लिव्हर पीमधून, म्हणजे पार्किंगमधून निघत नाही आणि गाडी ढकलून बाजूलाही घेता येत नाही. लिव्हरशेजारी छोटं झाकण असतं, त्याखाली शिफ्ट लॉक, म्हणजे लिव्हर पीमध्ये अडकवून ठेवणारं कुलूप, सोडवायची जागा असते. आजच शोधून ठेवा, रात्री हायवेवर शोधायची वेळ येऊ देऊ नका. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात, चार दिवस गाडी उभी असेल तर बॉनेट उघडून बघा.

गिअर ऑइल. ‘आयुष्यभर बदलावं लागत नाही’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, जुन्या गाडीला तर मुळीच नाही. ताजं ऑइल लाल असतं. तपकिरी झालं आणि जळका वास आला की उशीर झालेला असतो. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी त्यात मिसळलं आहे, गाडी पुढे नेऊ नका. माझ्या गाडीला एसपी-थ्री प्रकारचं ऑइल लागतं. तुमच्या गाडीचं मॅन्युअलमध्ये बघा आणि डबा स्वतः डोळ्यांनी बघा, ‘सगळ्यांना एकच चालतं’ हे खोटं आहे. एएमटी गाडी, म्हणजे साधाच गिअरबॉक्स पण गिअर आपोआप बदलणारी, असेल तर तिचं सगळं वेगळं, तिला क्लच असतो.

कूलंट, वायपर, दिवे तुम्हाला माहीत आहेत. टायरची नक्षी चांगली दिसली तरी वय बघा. कडेवरच्या चार आकड्यांत आधी आठवडा आणि मग वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झालेला टायर आपल्यासाठी नाही, रस्त्याकडेला चाक बदलायला आपण उतरणार नाही. स्टेपनीत हवा ठेवा, बारा व्होल्टचा पंप ठेवा आणि वाटेतल्या पंक्चरवाल्याचा नंबर ठेवा.

आता कागद, थोडक्यात. लायसन्सवर आणि आरसीवर दोन्हीकडे ॲडॅप्टेड, म्हणजे आपल्यासाठी बदल केलेल्या वाहनाची नोंद हवी. किट बसवून नोंद न करता फिरणं म्हणजे अपघातात विमा कंपनीच्या हाती आयतं कारण देणं. विम्यातही हँड कंट्रोल लिहून घ्या आणि ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर सवलत मागा. ती आहे, पण आपण होऊन देत नाहीत. पंधरा वर्षं भरली की आरसीचं नूतनीकरण, पाच वर्षांसाठी. फॉर्म २५, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत. माझं यंदाच आहे. गाडी तपासणीला न्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. तपासणीला नेण्याआधीही पिन बघा, तिथेही गाडी दुसरंच कुणीतरी पायाने चालवू शकतं. आनेवाडी, तासवडेच्या टोलची सूट हवी असेल तर आरसीवरची नोंद दाखवून तसा फास्टॅग आधी काढा, नाक्यावर वाद घालून काही होत नाही.

गाडी गॅरेजला देताना दांडीला एक चिठ्ठी बांधते: ‘सळी सोडवली तर मला फोन करा. नवी काटर पिन घाला.’ घ्यायला मी स्वतः जाते. पैसे देण्याआधी गॅरेजच्या आवारात हातानेच गाडी चालवते, दहा वेळा ब्रेक मारते आणि त्यातले दोन पूर्ण जोराने. मग फिटरला पिनेचा फोटो काढायला सांगते. त्याला वाईट वाटलं तर वाटू दे. पिन बघितल्याशिवाय मी गेटबाहेर निघत नाही.

निघायच्या दिवशी फोन चार्ज, कुबड्या हाताशी, मागच्या सीटवर नाही. पाणी, औषधं, छत्री. हातमोजे, घाम आला की दांडी निसटते. आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात एका डबीत त्याच मापाच्या चार नव्या काटर पिना आणि एक पक्कड. हार्डवेअरच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मूठभर मिळतात, फक्त जुनी सोबत नेऊन माप दाखवा.