जुन्या गाडीत सिंथेटिक ऑइल घालताय? आधी या चुका टाळा

दीड लाख किलोमीटर पळालेली गाडी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या गॅरेजात नेऊन सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेनं बनवलेल्या, इंजिन ऑइलचा विषय काढला, की दोनपैकी एक उत्तर मिळतं. "घाला बिनधास्त, इंजिन मऊ चालतंय." नाहीतर, "नको हो अण्णा, महिन्याभरात तेल गळूलालंय म्हणून परत यायला लागतंय." दोघेही मिस्त्री पाहिलेलंच सांगतात. फक्त दोघांनी पाहिलेली इंजिनं वेगवेगळी. म्हणून कुठला डबा घ्यावा हे ठरवण्याआधी आपलं इंजिन कुठल्या अवस्थेत आहे ते बघायचं. बहुतेक घोटाळे ही पायरी गाळल्यामुळे होतात.

गळतीचं खापर तेलावर फोडणं

सुरुवातीच्या काळातली काही सिंथेटिक तेलं रबराच्या सीलला मानवत नव्हती. ती बदनामी अजून टिकून आहे. आता तेलाच्या मान्यतेच्या चाचण्यांत ते रबराशी कसं वागतं हेही तपासतात. चांगल्या सीलला आजचं सिंथेटिक भोक पाडत नाही.

मग तेल बदलल्यावर गळती का दिसते? सील वर्षानुवर्षं उष्णतेनं कडक झालेलं असतं, त्याला बारीक भेगा असतात, आणि त्या भेगा साचलेल्या गाळानं बुजलेल्या असतात. नव्या तेलातली साफ करणारी रसायनं तो गाळ सोडवतात आणि आधीचीच फट उघडी पडते. त्यात पातळ ग्रेड घातलेलं असलं तर आणखी लवकर.

तेव्हा तेल बदलण्याआधी रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग किंवा चेंबरचा, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्याचा ड्रेन नट असेल तर काम किरकोळ आहे. डाग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली असेल तर मागचं क्रँक सील गेलेलं असू शकतं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लचप्लेटचं काम जवळ आलं असेल तर दोन्ही एकदमच उरका. आणि सील बदलण्याआधी इंजिनातला वायू बाहेर काढणारे ब्रीदरचा पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व तुंबलेत का ते तपासायला सांगा. ते तुंबले की आत दाब वाढतो आणि नवं सीलही तेल सोडतं. हे तपासायला काही मिनिटं लागतात, पण सहसा कुणी तपासत नाही.

'सिंथेटिक' वाचलं, ग्रेड वाचलाच नाही

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नव्या गाड्यांसाठी बनवलेलं ०डब्ल्यू-२० महाग आहे म्हणून चांगलंच असणार, असं समजून जुन्या इंजिनात ओततात. झिजलेल्या बेअरिंगमधली फट वाढलेली असते. तिथे तेवढं पातळ तेल दाब धरत नाही, गरम झाल्यावर टॅपेट वाजायला लागतात.

'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा इंजिन तापल्यावरचा. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडच्या तेलाची जाडी, म्हणजे व्हिस्कॉसिटी, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते. ४० ची १२.५ ते १६.३. म्हणजे साधं खनिज १५डब्ल्यू-४० आणि सिंथेटिक ५डब्ल्यू-४० तापल्यावर एकाच पट्ट्यात येतात. फरक पडतो तो सकाळी स्टार्टर मारल्यावर पहिल्या काही सेकंदांत. बेळगावात डिसेंबरची सकाळ गारठ्याची असली तरी इथे बर्फ पडत नाही, त्यामुळे आधीच्या आकड्यासाठी जीव टाकायची गरज नाही. गाडीच्या पुस्तकात बहुधा तापमानाप्रमाणे दोन-तीन ग्रेडचा तक्ता दिलेला असतो. त्यातला जाड बाजूचा ग्रेड जुन्या इंजिनाला घ्या, पण तक्त्याबाहेर जाऊ नका. गळतंय म्हणून सरळ २०डब्ल्यू-५० ओतणं हाही उपाय नव्हे.

फ्लशिंगची घाई

ऑइल टाकायच्या तोंडाचं झाकण काढून टॉर्च मारा. आत धातू तपकिरी-सोनेरी दिसला तर ठीक. साखर कारखान्यातल्या मळीसारखा काळा गाळ दिसला, तर "एकदा फ्लश मारून टाकू" या सूचनेला थांबवा. फ्लशच्या रसायनानं गाळाचे तुकडे सुटतात, चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसतात, आणि तेलपंपाला तेल मिळेनासं होतं. चालतं इंजिन यातून बसू शकतं.

सावकाश जावं. योग्य ग्रेडचं तेल आणि नवा फिल्टर घालून दीड-दोन हजार किलोमीटरला दोन्ही बदला, तसंच आणखी एकदा करा. यासाठी महागाचं तेल नको, साधं किंवा सेमी-सिंथेटिक पुरे. गाळ फारच असेल तर चेंबर उतरवून जाळी हातानं धुऊन घेणं सगळ्यात खात्रीचं.

झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट-पिवळसर थर दिसला की हेड पॅकिंग, म्हणजे कूलंट आणि तेल वेगळं ठेवणारं पॅकिंग, गेलं म्हणून धास्तावू नका. बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात गाडी रोज थोडीच फिरत असेल, तर इंजिन पुरतं तापत नाही आणि आतला ओलावा असा जमतो. एकदा लांब पल्ल्याला नेऊन आणा. थर परत आला, पातळी बघायच्या स्टिकवरचं तेलही गढूळ झालं किंवा कूलंट कमी होऊ लागलं, तर मात्र पॅकिंगचाच संशय घ्या.

धूर न बघता तेल निवडणं

पेट्रोल गाडी असेल तर गोव्याच्या वाटेवरचा चोर्ला घाट ही चांगली परीक्षा आहे. खालच्या गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून उतार उतरताना इंजिनात ओढ तयार होते आणि झिजलेल्या व्हॉल्व सीलमधून तेल आत खेचलं जातं. तळाला ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळ्या धुराचा भपका येतो. सकाळी सुरू करताना येणारा भपकाही बहुधा व्हॉल्व सीलचाच. चढावर, भार असताना धूर सतत येत राहिला आणि ऑइलचं झाकण काढल्यावर आतून वाफ फुसफुसत बाहेर आली, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. काळा धूर तेलाचा नसतो, इंधनाचा असतो.

रिंगा गेलेल्या, हजार किलोमीटरला लिटरभर तेल पिणाऱ्या गाडीत फुल सिंथेटिक म्हणजे पैसे सायलेन्सरमधून सोडणं. साधं तेल घाला, पातळी बघत राहा, कामासाठी पैसे जमवा. उलट जुनी टर्बो डिझेल गाडी धडधाकट असेल तर सिंथेटिकचा खरा उपयोग तिलाच, कारण टर्बोच्या बेअरिंगजवळ साधं तेल लवकर जळतं. घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मगच बंद करा.

सिंथेटिक आहे म्हणून बदल लांबवणं

डब्यावर कितीही लिहिलेलं असो, जुन्या इंजिनात काजळी जास्त होते आणि ती तेलात मिसळते. त्यात ऊसतोडीच्या दिवसांत शेतरस्त्यांची धूळ. सात-आठ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. एअर फिल्टर त्या हंगामात मध्येच एकदा काढून बघा. तो फाटका असेल तर कुठलंही तेल इंजिन वाचवत नाही.

बाकीच्या चुका हाताच्या आहेत. फिल्टर बदलताना जुन्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहते. ती न काढता नवा फिल्टर बसवला की सगळं तेल रस्त्यावर. ड्रेन नटाचा वायसर नवा घ्या. तेल स्टिकच्या वरच्या खुणेपुढे नको, फेस होतो. पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघा. रिकामा डबा मिस्त्रीकडे ठेवू नका, भोक पाडून टाका. भेसळवाल्यांना तेच डबे हवे असतात. आणि उरलेलं कारचं तेल बाइकमध्ये ओतू नका, क्लच घसरू शकतो.

नवं तेल घातल्यावर पहिले काही दिवस स्टिक वरचेवर बघा. चालत्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागला तर "गॅरेज जवळच आहे" म्हणून पुढे जाऊ नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पातळी तपासा. पातळी बरोबर असूनही दिवा लागत असेल तर गाडी ओढूनच न्या.